गल्ल्याचा हिशेब रोज, ताटाचा कधी?

रात्री दुकानाचे शटर ओढण्यापूर्वी आपण सर्वजण एक काम न चुकता करतो. गल्ला मोजतो. रोख किती आली, उधार किती गेले, कोणाचा चेक वटायचा राहिला, हे लिहिल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. ग्रे कापडाच्या थानात अर्धा मीटर कमी निघाला तर आपण यंत्रमागवाल्याला लगेच फोन लावतो. परंतु त्याच दिवसात आपल्या पोटात काय गेले आणि किती गेले, याचा हिशेब ठेवणारे आपल्यात फारच थोडे आहेत.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षांपासून मुंबईत कापडाचा व्यापार करतो. व्यापाराच्या पानावर खाण्यापिण्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हा विषय व्यापाराचाच आहे. आपली बहुतेक दुकाने आणि कारखाने एका माणसाच्या जिवावर चालतात. माल कोठून घ्यायचा, कोणाला किती दिवसांची उधारी द्यायची, कोणता दलाल भरवशाचा, हे सारे त्या एका माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस अंथरुणाला खिळला की दुकानात माल असूनही दुकान बंद पडते. असे एक दुकान मी जवळून पाहिले आहे. ते आमचेच होते.

भाईजानचे दुकान

माझे थोरले बंधू, ज्यांना सारे मार्केट भाईजान म्हणत असे, २००९ साली वारले. वय ५१. अंगाने धडधाकट, विडी-सिगारेटची सवय नाही, पहाटे फज्रला उठणारे. खाण्याचे मात्र शौकीन आणि खिलवण्याचे त्याहून जास्त. सोलापूरहून, नांदेडहून गिऱ्हाईक आले की त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. त्या रात्रीही दोन पार्ट्यांना घेऊन ते बोहरी मोहल्ल्यात बाराहंडी खायला गेले होते. घरी आल्यावर छाती जड वाटू लागली, घाम सुटला. "गॅस झालाय," म्हणाले. सोडा प्यायले, ओवा चघळला, पंख्याखाली पडून राहिले. इस्पितळात नेले तेव्हा सकाळ झाली होती. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "रात्रीच का आणले नाही?"

त्यानंतर दुकानाचा हिशेब काढायला बसलो. भाईजानच्या छोट्या डायरीत नावांऐवजी खुणा होत्या. आमच्या अंदाजाने अकरा लाखांची उधारी बाजारात होती. त्यातली चार लाखांच्या आसपास परत आली. काही लोकांनी इमानदारीने स्वतः येऊन पैसे दिले, काहींनी "आम्ही भाईजानला दिले होते" असे सांगितले. मुले नववी आणि अकरावीत होती. अर्धा गाळा द्यावा लागला.

त्यांच्या मृत्यूचा दोष मी त्या एका जेवणावर ठेवत नाही. एका जेवणाने हृदयाची रक्तवाहिनी भरत नाही. ती वीस-पंचवीस वर्षे थोडी थोडी भरत जाते, उधारीसारखी, आणि एके दिवशी वसुली होते.

हे भाईजानचे एकट्याचे नशीब नव्हते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात असे दिसले की, आपल्या दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो, तर इतर देशांतील लोकांना ५९ च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे तो सुमारे सहा वर्षे लवकर येतो, जेव्हा मुले शिकत असतात आणि कर्ज डोक्यावर असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

सर्वांची दावत, रोजच्या रोज

आता मुंबईच्या बाजाराकडे पाहा. मंगळदास मार्केटपासून पायी अर्ध्या तासाच्या आत काय मिळत नाही? काळबादेवीला गुजराती थाळी, फाफडा-जिलेबी आणि लोण्यात पोहणारी पावभाजी. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत मारवाडी कचोरी आणि रबडी. इराण्याकडे ब्रून-मस्का, खिमा-पाव, मावा केक. मुहम्मद अली रोडवर सीख कबाब, बैदा रोटी, नळी नहारी, भेजा फ्राय, मालपोवा आणि फिरनी. भेंडी बाजारात खिचडा आणि पाये. मलबारी हॉटेलात थरांचा परोटा. रात्री चायनीजची गाडी.

या शहराने सर्वांना जवळ केले आणि प्रत्येक जमातीने आपली चव येथे आणली. ही मुंबईची शान आहे आणि मला तिचा अभिमान आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक जमातीचे खाणे दोन प्रकारचे असते. एक घरचे, रोजचे. दुसरे दावतीचे, म्हणजे लग्नाचे, ईदचे, पाहुण्याचे. कोकणी मुसलमानाच्या घरी रोज तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण असते. गुजरात्याच्या घरी रात्री खिचडी-कढी. उत्तर प्रदेशच्या भावाकडे अरहरची दाळ आणि रोटी. मारवाड्याकडे मुगाची दाळ आणि फुलके. यांपैकी कोणीही आपले रोजचे खाणे घेऊन मुंबईत मोठे हॉटेल उघडले नाही. हॉटेल उघडले ते दावतीच्या खाण्यावर, कारण गिऱ्हाईक त्याचेच पैसे देते.

परिणाम असा झाला की मारवाड्याची दावत, इराण्याची दावत, बोहऱ्याची दावत आणि मोगलाई दावत अशा सर्वांच्या दावती आता प्रत्येकाला वर्षाचे ३६५ दिवस मिळतात. आपल्या वाडवडिलांनी वर्षातून पाच-सात वेळा जे खाल्ले, ते आपण आठवड्यातून पाच-सात वेळा खातो. पदार्थ तेच आहेत. तारखा बदलल्या आहेत.

आणि हा प्रश्न गोश्त खाणाऱ्यांचाच आहे असेही नाही. आमच्या मार्केटात कितीतरी सेठ शुद्ध शाकाहारी आहेत आणि त्यांच्याही गादीखाली गोळ्यांचा डबा आहे. फरसाण, कचोरी, लोणी आणि मिठाई यांचा हिशेब निराळा होत नाही.

मेहनतीचे खाणे, गादीवरचे शरीर

दुसरी गोष्ट मेहनतीची. नहारी हे सकाळचे खाणे. एका वाटीवर अर्धा दिवस अंगमेहनत करता यावी, असा त्याचा जोर. पावभाजी आणि वडापाव यांचे नाते मुंबईत गिरणी कामगारांशी जोडले जाते. गिरणीत आठ तास मागावर उभा राहणारा, गाठी उचलणारा माणूस दोन वडापाव खाऊन ते संध्याकाळपर्यंत जाळून टाकत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. खाणे मात्र राहिले.

आज तेच खाणे कोण खातो? मी खातो, जो सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत गादीवर बसतो. थान उचलायला माणूस आहे, चहा आणायला पोऱ्या आहे, माल पाहायला व्हॉट्सॲप आहे. घरी जायला टॅक्सी आहे. खर्च बैलाचा आणि काम मुनीमाचे, असा हा व्यवहार आहे.

तरी, वनस्पती आणि कढईतले तेल

आता आकड्यांकडे येऊ, कारण आपल्याला आकडे समजतात. एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत सुमारे ४ कॅलरी असतात. एक ग्रॅम तेला-तुपात ९. म्हणजे चरबी दुपटीहून महाग पडते.

बाराहंडी रात्रभर मंद आचेवर शिजते. हाडातला गूदा आणि चरबी सुटून वर येते. तिलाच आपण तरी म्हणतो. ओळखीचे गिऱ्हाईक आले की वाढणारा म्हणतो, "सेठ, तरी मारू?" आणि आपण मान डोलावतो. दोन मोठे चमचे तरी म्हणजे सुमारे २७ ग्रॅम चरबी, जवळपास २४५ कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरीच्या समतोल ताटात पूर्ण दिवसाचे तेल-तूप मिळून सुमारे तेवढेच आहे. म्हणजे दिवसभराचा कोटा एका 'मेहेरबानी'त संपला. रोटीवरचे तूप, कबाबाचे तेल आणि शेवटचा मालपोवा हे सर्व त्याच्या वर. ते २४५ जाळायला माझ्यासारख्या माणसाला सुमारे एक तास झपाझप चालावे लागते.

वनस्पती तुपाची गोष्ट वेगळी आहे. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात. ही क्रिया अर्धवट झाली की तेलात ट्रान्स फॅट तयार होते. हे वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान. २०२२ पासून सरकारने तेल-तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, हे चांगले झाले. पण मर्यादेतले वनस्पतीही घट्ट चरबीच आहे. खारी, नानखटाई, पफ यांच्यात ते भरपूर असते.

तिसरी गोष्ट कढईतल्या तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात हानिकारक घटक वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याचे नेमके माप यंत्राने होते, पण ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. तेल काळे आणि चिकट होते, लवकर धूर सोडते आणि वर न विरणारा फेस येतो. खाणाऱ्याने कढईकडे एक नजर टाकून मगच ऑर्डर द्यावी.

या पानाचे जे वाचक स्वतः खाण्याचा धंदा करतात, त्यांनाही सांगणे आहे. वापरलेले तेल नाल्यात ओतू नका आणि दुसऱ्या गाडीवाल्याला स्वस्तात विकू नका. त्यापासून बायोडिझेल बनवण्याची योजना २०१८ पासून सुरू आहे आणि अधिकृत गोळा करणारे त्याचे पैसे देतात. गिऱ्हाईक जगले तर पुन्हा येईल, हा धंद्याचा साधा नियम आहे.

कारागिरांचा हिशेब

कारागीर बंधू म्हणतील की, हे सारे सेठ लोकांचे चोचले आहेत, आम्हाला नहारी रोज कोठे परवडते? त्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्यांच्या वाट्याला स्वस्त चरबी आणि साखर येते, आणि ती कमी घातक नाही.

मदनपुऱ्यात किंवा गोवंडीत जरीकाम करणारा कारागीर अड्ड्यावर दहा-बारा तास मांडी घालून बसतो. हात आणि डोळे चालतात, बाकी शरीर थांबलेले असते. मधल्या वेळी समोसा-पाव, भजी-पाव, चहा-खारी. दिवसाला सहा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ५० ग्रॅमच्या वर साखर एकट्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवा, शक्य तर २५. भिवंडी-मालेगावच्या मागांवर रात्रपाळी करणाऱ्याचीही हीच कहाणी. झोप उडवायला चहा आणि चहाबरोबर तळलेले.

ज्या मालकाच्या कारखान्यात दहा कारागीर आहेत, त्याने विचार करावा. जरी कारागिराचे भांडवल त्याचे डोळे आणि त्याची बोटे. मधुमेह पहिला हल्ला बारीक रक्तवाहिन्यांवर करतो, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर आणि नसांवर. चाळिशीत सुई ओवता येईनाशी झाली तर वीस वर्षांचा हुन्नर वाया जातो. कारखान्यात दुपारी दाळ-भात-भाजीचा एक डेग लागला आणि संध्याकाळी भज्याऐवजी भाजलेले चणे आले, तर खर्च फारसा वाढत नाही.

खातिरदारी कशी करावी

आपल्या धंद्यात खाणे हा सौद्याचा भाग आहे. गिऱ्हाईकाला न विचारता चहा, सामोसे, थंडा मागवला जातो. नको म्हटले तर समोरच्याला वाईट वाटते. दलाल दिवसात दहा दुकानांत जातो आणि दहा ठिकाणी खातो. ही अडचण खरी आहे, मी ती भोगली आहे. भाईजाननंतर चार वर्षांनी, २०१३ मध्ये, एका मित्राच्या आग्रहाने मी रक्त तपासले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ८.२ आली. ६.५ पासून मधुमेह धरतात. मला काहीही त्रास होत नव्हता. तहान लागे, ती मी मुंबईच्या उकाड्यावर ढकलत होतो.

त्या दिवसापासून दुकानात एक बदल केला. गिऱ्हाईकासाठी शहाळे, लिंबू-पाणी, मोसमातले फळ, भाजलेले शेंगदाणे-चणे. चहा येतो, पण साखर वेगळी. पहिले दोन महिने लोक हसले. "सेठ कंजूस झाला," म्हणाले. मग एकेक जण हळूच म्हणू लागला, "मलाही बिनसाखरेचाच द्या, डॉक्टरने सांगितलेय." त्यांनाही नको होते आणि मलाही. दोघे एकमेकांच्या मानासाठी खात होतो. त्या पाहुणचाराने माझा एकही सौदा मोडला नाही.

रमजानबद्दल एक शब्द. कापडाच्या व्यापाऱ्याचा हा सर्वांत मोठा सीझन. दिवसभर रोजा, मग भजी-समोशांची इफ्तारी, तरावीहनंतर पुन्हा दुकान आणि रात्री एक वाजता मिनारा मशिदीजवळच्या स्टॉलवर गर्दी. रोज्याने शरीराला जो आराम मिळायचा, तो आपण रात्रीत परत घेतो. फिजूल खर्चाला आपण इस्राफ म्हणतो. हा शब्द लग्नाच्या मांडवाबद्दल वापरतो, ताटाबद्दल क्वचितच. महिन्यातून एक-दोन रात्री मुलाबाळांना घेऊन तेथे जरूर जावे, ती मुंबईची रौनक आहे. बाकी दिवस खजूर, फळे आणि घरचे जेवण पुरेसे आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून वेळा आणि मात्रा बदलून घ्यावी. आपल्या मनाने औषध बंद करू नये.

चार कामे

पहिले, डबा. मुंबईत डबेवाले १८९० पासून घरचे जेवण गादीवर पोहोचवत आहेत. दुपारचे घरचे जेवण पोटात असले की संध्याकाळच्या तळलेल्याची ओढ आपोआप निम्मी होते.

दुसरे, दावतीला तिची तारीख परत द्या. मी आजही नहारी खातो. महिन्यातून एकदा, सकाळी, तरी बाजूला काढून. खरे सांगतो, आता तिची चव जास्त लागते.

तिसरे, तपासणी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल पाहावे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह. निदान पक्के करायला डॉक्टर तपासणी पुन्हा करतात. आणि जेवणानंतर छातीवर दाब, घाम, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ आली तर त्याला गॅस म्हणून सोडा पिऊ नका. १०८ ला फोन करा किंवा तडक इस्पितळ गाठा. पहिल्या एक-दोन तासांत रक्तवाहिनी उघडली तर हृदय वाचते. मधुमेह असलेल्याला कधी कधी कळ येतच नाही, नुसता दम लागतो किंवा घाम सुटतो. त्याने जास्त सावध राहावे.

चौथे, उधारी लिहून ठेवा. देवघेव लिहिण्याची ताकीद कुरआनात आहे, हे आपण सर्व जाणतो आणि तरी डोक्यात ठेवतो. स्वच्छ अक्षरात, पूर्ण नावाने लिहा आणि घरातल्या एकाला दाखवून ठेवा.

शेवटी एक छोटी गोष्ट. आपल्या धंद्यात टेप सर्वांकडे असते. शिंप्याच्या गळ्यात, आपल्या ड्रॉवरमध्ये. आज दुकान बंद करताना ती स्वतःच्या कमरेला, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता लावून पाहा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर आहे, म्हणजे साडेपस्तीस इंच. स्त्रियांसाठी ८०. २०१३ मध्ये माझे माप १०४ होते. ते ९३ वर आणायला मला तीन वर्षे लागली आणि शेवटचे तीन अजून बाकी आहेत. जो आकडा येईल तो गल्ल्याच्या हिशेबाखाली, त्याच पानावर, तारीख टाकून लिहा.